पुढचं अक्षर ओळखताना

एप्रिल सरत आला की टिलबर्ग या आमच्या डच गावातल्या शनिवारच्या बाजारात पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसच्या जुड्या दिसायला लागतात. अंगठ्याएवढे जाड कोंब, सायीच्या रंगाचे, टोकाशी किंचित जांभळे. आपण हापूसबद्दल बोलतो तशी इकडची माणसं त्यांच्याबद्दल बोलतात. यंदा लवकर आला, यंदा थंडीने मागे पडला, अमक्या गावचाच खरा, बाकीचे नुसते पांढरे. जूनच्या चोवीस तारखेला कापणी थांबते. मातीत आणखी कोंब असतात, पण ते तसेच वाढू द्यायचे असा रिवाज आहे. नवी होते तेव्हा मला या कौतुकाचं हसू यायचं. पडवळाचा कोणी सण करतं का? आता मीही जुडी हातात घेऊन दोन कोंब एकमेकांवर घासून बघते. ताजे असले तर चिवचिव वाजतात.

यंदाची पहिली जुडी आणली, सोलायला बसले, आणि २०२०चा वसंत आठवला. दरवर्षी आठवतो. या भाजीला सांगण्यासारखा वास नसतो, ओल्या मातीचा असतो तेवढाच. पण तेवढा पुरतो.

त्या वसंतात पाऊस जवळजवळ पडलाच नाही. या देशात सलग इतके दिवस निळं आभाळ मी पाहिलं नव्हतं, आणि त्या आभाळात विमानांच्या पांढऱ्या रेघाही नव्हत्या. घरोघरच्या खिडक्यांत लोकांनी कापडी अस्वलं बसवली होती, मुलांनी फिरताना मोजावीत म्हणून. माझं ऑफिस आइंडहोवनला, आगगाडीने अर्ध्या तासावर. ते मार्चच्या मध्यात बंद झालं आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून काम करू लागले. नवरा वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये बोलत असायचा आणि तो चालायला लागला की माझ्या डोक्यावरची लाकडी तक्तपोशी करकरायची. दुपारी दीड वाजता मी लॅपटॉप बंद करून फोन उभा करायची. तेव्हा मिरजेत पाच वाजलेले असत.

मी कंपायलरवर काम करते. हे मिरजेत कोणाला सांगितलं की ते 'हो का' म्हणतात आणि जावई काय करतात ते विचारतात. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा जो प्रोग्रॅम, तो कंपायलर. पण तो साधा दुभाषा नाही, आगाऊ दुभाषा आहे. उतरवता उतरवता तो तुमचं लिखाण सुधारतो. दर फेरीला तेच गणित करताय? एकदाच करून बाजूला ठेवू. याचं उत्तर पुढे कुठे वापरलेलंच नाही? मग हे गणितच नको. अट एकच, बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळता कामा नये. आत हवी तेवढी उलथापालथ करा, पण जणू काही लिहिलं तसंच चाललंय असं दिसलं पाहिजे. आमच्या धंद्यात त्याला 'जणू काही'चाच नियम म्हणतात. असे बदल वैध आहेत की नाहीत हे तपासणं माझं काम. मला ते मनापासून आवडतं.

त्यातली गंमत अशी, की 'बाहेरून' म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं. प्रोग्रॅमने पडद्यावर काय छापलं, ते बाहेरचं. मध्ये तो कुठे रेंगाळला, किती वेळ घेतला, ते हिशेबात नाही. ते बदलायलाच तर आम्हाला ठेवलेलं असतं. आणि सगळ्यात वाईट चुका कुठे होतात, तर जिथे कंपायलर म्हणतो, 'असं कधी होणारच नाही.' कोणी बिचाऱ्याने खबरदारी म्हणून लिहिलेलं असतं, पेटी रिकामी असेल तर थांब. कंपायलर मागचं सगळं वाचतो, पेटी रिकामी असूच शकत नाही असा निकाल देतो आणि थांबायची ओळ काढून टाकतो. मग एके दिवशी पेटी रिकामी निघते. अशा चुका शोधण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत, म्हणजे त्या ओळखायला मी शिकलेली असायला हवी होते.

माझे वडील मिरजेत टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचे. खाली इन्स्टिट्यूट, वर आम्ही. इंग्रजी तीस स्पीड, चाळीस स्पीड, अशा बॅचा सकाळी सातपासून सुरू व्हायच्या. जमिनीतून येणारा तो खडखडाट थांबला की आम्हाला जाग यायची. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, यंत्रं गप्प असत. त्या दिवशी आई प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवायची. आई सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला सगळी ओळखता यायची, कारण कळा पुसायचं काम तिच्याकडे होतं. अक्षरांचे शब्द मात्र तिला जुळवता येत नसत, आणि तिने कधी त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही. 'माझं काय अडलंय त्याच्याशिवाय?' म्हणायची.

बाबा मराठीत कमी बोलत. फोन उचलला की 'बरी आहेस ना? आईला देतो' एवढंच. पण दर रविवारी त्यांची ईमेल यायची, इंग्रजीत, दहा बोटांनी टाइप केलेली, तारीख उजवीकडे, समास बिनचूक. माय डिअर मंजिरी. वुई आर ऑल फाइन हिअर. मग पावसापाण्याचं एक वाक्य, आईच्या गुडघ्यांचं एक. डोन्ट वरी अबाउट अस. शॅल राइट अगेन. अशी कैक वर्षांची पत्रं माझ्याकडे होती, आणि खरं सांगते, त्यातली बरीचशी मी पहिली ओळ वाचून बंद केलेली होती.

त्या जानेवारीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मी धावत गेले, दीड महिना राहिले, मार्चच्या सुरुवातीला परतले आणि माझ्या पाठीमागे विमानं बंद झाली. बाबांची उजवी बाजू गेली होती, आणि वाचा. डॉक्टर म्हणाले, भाषा आत शाबूत आहे, त्यांना सगळं कळतंय, पण तोंडाचे स्नायू ऐकत नाहीत. डावा हात कापायचा. मोबाइलच्या कळांवर तो नेमका पडेना, आणि एकदा आम्ही हट्टाने समोर कीबोर्ड ठेवला तेव्हा त्यांनी मान फिरवली. चाळीस वर्षं मुलांच्या बोटांवर पट्टी मारलेला माणूस, त्याला कोणासमोर चुकीची कळ दाबायची नव्हती.

मग अक्षरांचा एक तक्ता केला. मराठीचा आधी करून पाहिला. काना, मात्रा, जोडाक्षर करता करता एका शब्दातच ते थकले. 'इंग्रजी करू?' विचारलं तर लगेच डोळे मिटले. डोळे मिटणं म्हणजे हो, उघडे ठेवणं म्हणजे नाही, हा नियम मी ठरवला होता. दुपारी दीडला मी फोनवरून अक्षरं सुचवायची आणि ते आपल्या अक्षराला डोळे मिटायचे. रोजच्या गोष्टींसाठी तक्ता लागत नव्हता. पाणी हवंय, उशी टोचते, हे आईला तक्त्याशिवाय कळायचं.

आता इथे माझ्यातली अभियंता जागी झाली. गेल्या शतकात एका गणितज्ञाने एक खेळ काढला होता. इंग्रजी वाक्य झाकून ठेवायचं आणि समोरच्याने एकेक अक्षर ओळखायचं. क्यूनंतर यू येणार हे कोणीही सांगेल, तेव्हा त्या यूमध्ये बातमी काहीच नाही. जिथे चार-पाच वेळा चुकावं लागतं तिथे खरी बातमी आहे. किती वेळा चुकलो हे मोजत गेलं, तर भाषेत किती नवं आहे आणि किती ठरलेलं, हे कळतं. त्या नव्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. आणि निष्कर्ष मोठा गमतीचा आहे. इंग्रजीचं एक अक्षर सरासरी एखाद्या हो-नाही प्रश्नाच्या उत्तराइतकंच नवं सांगतं, फारतर थोडं अधिक.

हे मी कॉलेजात वाचून विसरले होते. आता समोर असा माणूस होता ज्याच्याकडे हो आणि नाही एवढंच उरलं होतं, आणि गणित म्हणत होतं, तेवढं पुरतं! फक्त ओळखणारा हुशार पाहिजे. मला त्या काळात आनंद झाला असं म्हणायला संकोच वाटतो, पण झाला. मी बाबांच्या सगळ्या ईमेल एका छोट्या प्रोग्रॅमला वाचायला दिल्या. कुठल्या अक्षरानंतर ते कुठलं अक्षर लिहितात, कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द, हे तो शिकला. पहिलं अक्षर शोधायला वेळ लागे, दुसरं भराभर, तिसऱ्याला तर प्रोग्रॅम अख्खा शब्द समोर ठेवी. मी शब्द वाचायची, बाबा डोळे मिटायचे. एप्रिलच्या सुरुवातीला एका वाक्याला अर्धा तास लागायचा, महिनाअखेरीस पाच मिनिटं. बाबांचं अक्षर ओळखताना किती वेळा चुकावं लागतं याचा मी आलेखही काढला. तो छान खाली खाली येत होता. दादाला पाठवला, नवऱ्याला दाखवला.

बाबांच्या वाक्यात नवं असं फारसं काही नसतंच, असा मला शोध लागला होता.

शेजारच्या रियाबाईंची आणि माझी खरी ओळख त्याच महिन्यात झाली. सत्तरीच्या, उंच, एकट्या राहणाऱ्या. दोन घरांमधल्या कुंपणापलीकडे त्या खुर्ची टाकून अ‍ॅस्परॅगस सोलायच्या आणि मी माझ्या बाजूला, दीड मीटर सोडून. सोलणं त्यांनीच शिकवलं. डोक्याखालून सुरुवात करायची, एकेक पट्टी, फिरवत फिरवत, आणि घाई करायची नाही. सालीची एक रेघ जरी राहिली तरी तोंडात दोरा येतो. मी भरभर सोलायची आणि त्या माझा सोललेला कोंब उचलून, उन्हात धरून, राहिलेली रेघ दाखवायच्या.

त्यांची आई वृद्धाश्रमात होती. आत जायला बंदी, म्हणून त्या रोज सायकलने जाऊन खिडकीबाहेर उभ्या राहायच्या. आई आतून हात हलवायची, या बाहेरून. 'तीन आठवडे,' रियाबाई म्हणाल्या, 'तीन आठवडे मी समजत होते ती मला हॅलो करते. मग नर्सने सांगितलं, ती म्हणतेय सरकून इकडे उभी राहा, डोळ्यावर ऊन येतंय.' आणि मोठ्याने हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

मी त्यांना माझ्या प्रोग्रॅमबद्दल सांगितलं. अभिमानाने सांगितलं.

'म्हणजे तू विचारतेस की सांगतेस?' त्या म्हणाल्या.

'विचारते ना. ते डोळे मिटून हो म्हणतात.'

'हं,' म्हणाल्या आणि सोलू लागल्या. डच माणसाचं स्पष्ट बोलणं मला एव्हाना सवयीचं झालं होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मे महिन्यात दादाने हैदराबादचा विषय काढला. दादा माझा मोठा भाऊ, औषधांच्या कंपनीत आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मिरजेच्या घराला उभा जिना, बाबांना खाली उतरवायला चार माणसं लागायची. त्याच्या घरी लिफ्ट, पाच मिनिटांवर हॉस्पिटल, मदतीला माणूस. बंधनं सैल झाली की ई-पास काढून रुग्णवाहिकेने दोघांना न्यायचं, मिरजेचं घर बंद करायचं. कायमचंच. आईला विचारलं तर 'हे म्हणतील तसं.' तेव्हा दादा मला म्हणाला, 'मंजू, तूच विचार. तुझ्याशी बोलतात ते.'

मी विचारलं. त्या दिवशीही खिडकीतून नेहमीसारखा कालवा येत होता. पाचच्या सुमाराला गल्लीतल्या बायका आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसायच्या, भाज्या निवडायच्या आणि या दारातून त्या दारात ओरडून बोलायच्या. एरवी त्या आमच्याच इन्स्टिट्यूटच्या पायरीवर जमत. लॉकडाऊनने त्यांना दारोदार पांगवलं होतं इतकंच. आई मध्येच खिडकीशी जाऊन काहीतरी उत्तर देई आणि खालून हशा येई. 'आई, खिडकी लाव गं,' मी म्हणाले, 'काही ऐकू येत नाही.' तिने लावली.

'बाबा, हैदराबादला जायचं ठरतंय. तुम्हाला काय वाटतं?'

पहिलं अक्षर डी निघालं. मग ओ. मग प्रोग्रॅमने 'डोन्ट' समोर ठेवलं, बाबांनी डोळे मिटले, आणि त्याच क्षणी पडद्यावर पुढचा शब्द आला. पुढे दुसरं काही येण्याची शक्यता प्रोग्रॅमला दिसतच नव्हती. इतक्या पत्रांत तेच तर होतं. 'डोन्ट वरी?' मी म्हणाले. बाबा माझ्याकडे बघत राहिले. 'डोन्ट वरी ना बाबा?' त्यांनी डोळे मिटले. या अवस्थेतही हे आपल्यालाच धीर देतात, असं वाटून मी टेबलाशी रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा काही सांगायचं होतं. एस. एच. प्रोग्रॅम म्हणाला, शॅल राइट अगेन. पुन्हा लिहीन, म्हणजे आजच्यापुरतं पुरे. 'दमलात का?' मी म्हणाले. डोळे मिटले गेले. मी फोन ठेवला, आणि दादाला लिहून टाकलं, बाबांची हरकत नाही.

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांनी धरून चाललेली होती. बाबा नाही म्हणत नाहीत. साखर कमी असली तरी चहा पितात, शर्ट आवडला नाही तरी घालतात, मी परदेशात चालले तेव्हा 'बरं' म्हणाले. ते नाही म्हणणारच नाहीत, तेव्हा नाही म्हणायला जागा कशाला ठेवायची? मी ठेवलीच नव्हती. माझ्या नियमात नाही म्हणजे नुसते उघडे डोळे, आणि थकलेल्या माणसाचे डोळे शेवटी मिटतातच. जरा वाट पाहिली की कुठल्याही प्रश्नाला हो मिळत होतं. हे कुठल्या नवशिक्याच्या कोडमध्ये दिसलं असतं तर मी दोन मिनिटांत पकडलं असतं.

जूनच्या सुरुवातीला आईचा फोन आला, भलत्याच वेळी, माझ्या सकाळी दहाला.

'अगं, यांना काहीतरी म्हणायचंय,' ती म्हणाली. 'तुला सांगून झालं म्हणतीस, पण यांचं संपलेलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडतात. जेवण जात नाही.'

'मला तर डोन्ट वरी म्हणाले. काळजी करू नका म्हणाले आई.'

'ते डोळे मिटलेले मी बघितले की,' आई म्हणाली. 'ते दमून मिटलेले. हो म्हणताना यांची भुवई खाली येती. दमले की आधी तोंड उघडतं, मग डोळे मिटतात. तुला दिसलं नाही होय?'

मला दिसलं नव्हतं. मी पडद्यावरच्या अंदाजांकडे बघत होते.

मग आई म्हणाली की तिने आपलं आपण चालू केलंय. इंटरनेट नसलं, वीज नसली तरी तक्ता तर भिंतीवर होता. दुपारी गडबड कमी असते तेव्हा ती तक्त्यावर बोट ठेवून एपासून निघायची. ए, बी, सी. झेडपर्यंत गेलं आणि भुवई हलली नाही तर पुन्हा ए. अक्षर सापडलं की कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काढायचं. कुठलं अक्षर कुठल्यानंतर येतं हे तिला ठाऊक नव्हतं. शब्द कुठे संपतो हेही कळत नव्हतं. तिला अंदाज करताच येत नव्हता, म्हणून बाबांना आपलं अक्षर येईपर्यंत थांबता येत होतं, आणि ते थांबत होते. तिसरी दुपार चालली होती.

आईने बाबांना मराठीत सरळ का विचारलं नाही, की तुम्हाला जायचंय का? मी हे पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. मला वाटतं, विचारलं असतं तर तिला स्वतःचंही उत्तर द्यावं लागलं असतं. आणि मुलांना अडचण होईल असं उत्तर देण्याची त्या दोघांपैकी कोणालाच सवय नव्हती.

फोन ठेवल्यावर मला काम सुचेना. बाबा बॅचला शिकवताना एक गोष्ट दिवसातून दहादा सांगायचे, ती आठवली. 'पुढचा शब्द ओळखून टाइप करू नका. कागदावर आहे तो करा.' अर्जाची पत्रं सगळी सारखीच असायची, विथ रेफरन्स टू म्हटलं की पुढचं बोटांना पाठ. हुशार मुलंच तिथे चुकत. कागदावर एखादा शब्द वेगळा असायचा आणि त्यांची बोटं जुनाच शब्द उठवून पुढे गेलेली असायची. मठ्ठ मुलं एकेक अक्षर बघून टाइप करत, त्यांचा स्पीड यायचा नाही, पण ती मजकूर बदलत नसत. मी लहानपणी जिन्यात बसून हे ऐकलेलं होतं. त्यांची इतकी पत्रं जमवून मी त्यांच्याच शब्दांनी त्यांचं तोंड बंद केलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

दुपारी दीडला आईने व्हिडिओ लावला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून तिने कॅलेंडरचं पान दोन्ही हातांनी समोर धरलं. मागे बाबा उशीला टेकून बसलेले. पानभर मोठी मोठी इंग्रजी अक्षरं, मुंग्यांच्या रांगेसारखी, मध्ये कुठेही जागा न सोडता. दोन ठिकाणी खोडलेलं.

'आलंय का काही नीट?' आई म्हणाली. 'का नुसती अक्षरंच झाली?'

मी डी, ओ, एन, टी एवढं वाचलं आणि जीभ सवयीने पुढच्या शब्दाकडे निघाली. पण कागदावर पुढे एम होता. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले, मनातल्या मनात तोडत. डोन्ट मूव्ह अस. मग एस, एच, आणि त्यापुढे ई. शी. शी हॅज पीपल हिअर. अ‍ॅट फाइव्ह शी लाफ्स. देअर शी विल हॅव ओन्ली मी.

एवढंच. तीन दुपारी.

'काय झालं? काय लिहिलंय?' आईचा चेहरा कागदाच्या वर आला. 'वाच की गं.'

ते सगळं तिच्या हाताने लिहिलेलं होतं आणि तिला त्यातला एक शब्दही कळलेला नव्हता. मी आधी दादाला सांगावं का, असं क्षणभर मनात आलं. मग मराठीतच सांगितलं, हळू, एकेक वाक्य, माझ्या पदरचा एकही शब्द न घालता. 'आम्हाला हलवू नका. तिची माणसं इथं आहेत. पाच वाजता ती हसते. तिथं तिला फक्त मी असेन.'

कागद खाली गेला आणि मला बाबा पूर्ण दिसले. ते आईकडे बघत होते, आणि त्यांच्या डाव्या गालावरून पाणी येत होतं.

दादाला मी तासाभराने फोन केला. 'मग मला बाबांची हरकत नाही असं का कळवलंस?' तो म्हणाला. 'ओळखून सांगितलं,' मी म्हणाले. तो म्हणाला, 'जिना रुंद करता येतो का बघतो.' जिना रुंद झाला नाही, पण इन्स्टिट्यूटच्या खोलीत पलंग लागला आणि बाबांना खाली आणलं, रस्त्याकडच्या बाजूला. ते पुढे दीड वर्ष होते, तिथेच. प्रोग्रॅम मी पुसून टाकला नाही. कधी कधी उघडते, एक अक्षर देते, तो म्हणतो वुई आर ऑल फाइन हिअर. त्यालाही चूक म्हणवत नाही. बाबा तसं लिहीत होतेच, आणि मी तेवढंच वाचत होते.

माझं काम अजून तेच आहे. बदल वैध आहे का, बाहेरून फरक दिसतो का. परवा एका नव्या मुलीने मला विचारलं, मध्ये जो वेळ जातो तो आपण का मोजत नाही? मी पाठ असलेलं उत्तर दिलं, यंत्रासाठी ते बरोबरच आहे. पण माणसाच्या बाबतीत तिचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, आणि तो सुटू नये असंही कधी कधी वाटतं. एकाच उत्तराला पाच मिनिटं लागली आणि तीन दुपारी लागल्या, तर ते उत्तर एकच राहतं का?

कागद वाचून दाखवला त्या दिवशी मात्र आईने मला असला विचार करायला सवडच दिली नाही. तिने कागद पुन्हा उचलला, लांब धरला, जवळ धरला, ओळींवरून बोट फिरवलं, कुठलं वाक्य कुठलं ते आता तिला बघायचं होतं. 'यातलं हसणं कुठलं?' तिने विचारलं. मी सांगितलं, चौथी ओळ, एलपासून. तिने ती अक्षरं मोजून पाहिली. मग पदराने बाबांचा गाल पुसला, आणि पुसता पुसता त्यांना म्हणाली, 'पंचेचाळीस वर्षं हे मराठीत सांगायला काय झालं होतं तुम्हाला?'